मानेतली भटकी नस : फेफऱ्याच्या इलाजांची उलटसुलट कहाणी

सर जॉन माल्कम याने १८२३ साली मध्य हिंदुस्थानचा जो वृत्तान्त प्रसिद्ध केला, त्यात मालेराव होळकराच्या शेवटच्या दिवसांची हकीकत आहे. मल्हारराव १७६६ च्या मे महिन्यात वारले, नातू मालेराव गादीवर आला, आणि वर्ष पुरे व्हायच्या आत तोही गेला. माल्कमला जुन्या माणसांकडून कळले ते असे. मालेरावाने कशिदा काढणाऱ्या एका कारागिराला संशयावरून ठार केले. तो निरपराध होता हे मागाहून उघड झाले आणि त्या पश्चात्तापाने मालेरावाचे चित्त पार बिघडले. कारागिराचे भूत त्याच्या अंगात शिरले अशी सर्वांची खात्री झाली. अहिल्याबाई दिवसरात्र मुलाच्या उशाशी बसून त्या भुताशी बोलत. तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांची तजवीज करते, माझ्या लेकराला सोड, अशी त्यांनी परोपरीने विनवणी केली. मुलाच्याच तोंडून भुताचे उत्तर येई की याचा जीव घेतल्यावाचून मी जाणार नाही.

मालेरावाला नेमके काय झाले होते ते आज कोणी सांगू शकणार नाही, आणि सांगू पाहणाऱ्यावर विश्वासही ठेवू नये. अडीचशे वर्षांपूर्वीच्या माणसाची नाडी पाहण्याची हौस आपल्याकडच्या पुष्कळ लेखकांना आहे. ते फेफरे होते असे माझे म्हणणे मुळीच नाही. मला त्या हकीकतीतली आई महत्त्वाची वाटते. जिच्या कारभाराचे माल्कमसारख्या परक्यानेही तोंड भरून कौतुक केले, तिच्याही घरात मेंदूचे दुखणे आले तेव्हा ते बाहेरच्या कोणाचे तरी काम ठरले. मग साध्या घरात निराळे काय व्हावे? इंदूर, देवास, धार या मराठी संस्थानांच्या गावांतून मूल दातखीळ बसून पडले की कांदा फोडून नाकाशी धरायचा, जोडा हुंगवायचा, मुठीत किल्ल्या द्यायच्या, अमावास्येला उतारा टाकायचा, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. फेफऱ्याचा झटका बहुधा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतो. कांदा शोधून, फोडून, नाकाशी नेईपर्यंत तेवढा वेळ जातोच. श्रेय कांद्याला मिळते.

आपल्या जुन्या वैद्यकात या दुखण्याचा विचार झाला नव्हता असे मात्र नाही. अपस्मार म्हणजे स्मृती हरपणे. चरकसंहितेत त्याचे वातज, पित्तज, कफज आणि सान्निपातिक असे चार प्रकार दिले आहेत, म्हणजे ते प्रथमतः शरीराचे दुखणे मानले आहे. ग्रीसमध्ये हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या एका ग्रंथात, ख्रिस्तापूर्वी सुमारे चारशे वर्षे, या 'पवित्र' रोगात इतर रोगांहून अधिक पवित्र असे काही नाही, तो मेंदूतून उपजतो, असे स्पष्ट म्हटले आहे. ग्रंथातले हे शहाणपण घरापर्यंत पोचायला दोन हजार वर्षे पुरली नाहीत, इतकेच.

शब्दांचाही इथे एक गोंधळ आहे, तो आम्हा दोन भाषांत वावरणाऱ्यांना चांगला ठाऊक असतो. मराठीत फेफरे, मिरगी, आकडी, आणि शिकलेल्या घरात 'फिट येते'. हिंदीत 'दौरे पड़ते हैं'. पुण्याहून नवीन आलेल्या सुनेला हे ऐकून मंत्र्याचा दौरा आठवला तर तिचा दोष नाही. इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात, ज्याला सारे शहर 'एम. वाय.' म्हणते, मराठी आजी 'आकडी' म्हणते, डॉक्टर 'झटके' लिहून घेतात, आणि दोघेही एकाच गोष्टीबद्दल बोलत आहेत की नाही हे ठरायला पाच मिनिटे जातात. मुलाला तापात येणारी आकडी निराळी आणि अपस्मार निराळा, त्यामुळे ही पाच मिनिटे फुकट गेली असे समजू नये.

आता मूळ विषयाकडे वळतो. फेफऱ्यावरच्या इलाजांचा इतिहास वाचताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात येते. भुताची कल्पना चुकीची होती आणि तिने आपल्याला चुकीच्या जागी नेले, हे तर झालेच. पण जे इलाज खरोखर लागू पडले, त्यांतलेही बरेचसे चुकीच्याच कल्पनेतून निघाले होते.

पहिले खरे औषध ब्रोमाइड. ते पुढे आणले सर चार्ल्स लोकॉक याने, १८५७ साली लंडनमध्ये. हा गृहस्थ व्हिक्टोरिया राणीची बाळंतपणे करणारा. स्त्रियांच्या काही झटक्यांचे मूळ मासिक पाळीत आणि कामवासनेत आहे अशी त्याची समजूत, आणि ब्रोमाइडने वासना मंदावते असे त्याने कुठे तरी वाचलेले. म्हणून त्याने ते दिले. चौदा-पंधरा स्त्रियांपैकी एक सोडून साऱ्यांना गुण आला असे त्याने वैद्यांच्या सभेत सांगितले. कारणमीमांसा सर्वस्वी खोटी होती, पण औषध खरे निघाले आणि अर्धे शतक तेच चालले. फिनोबार्बिटोन १९१२ चे. हाउप्टमान नावाचा तरुण जर्मन डॉक्टर वॉर्डात रात्री रुग्णांना शांत झोप लागावी म्हणून ते देत होता, तर त्यांचे झटकेच कमी झाले. आजही आपल्या सरकारी दवाखान्यांत मिळणारी सर्वांत स्वस्त गोळी ती हीच. व्हॅल्प्रोएट तर औषध म्हणून कोणी पाहिलेच नव्हते. १८८२ साली तयार झालेला हा द्रव फ्रान्समधल्या प्रयोगशाळेत इतर औषधे विरघळवायला वापरीत. १९६२-६३ च्या सुमारास लक्षात आले की त्यात काहीही विरघळवले तरी झटके थांबतात, अर्थात गुण पाण्याचा नसून भांड्याचा आहे.

उपवासाची गोष्ट आपल्या घरांतून विशेष आवडेल. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत एक पंथ असा होता की झटक्याचे विष आतड्यांत साठते, तेव्हा रोग्याला उपाशी ठेवावे. ठेवले, आणि काही मुलांचे झटके खरेच थांबले. विष वगैरे काही नव्हते. उपासमारीत शरीर चरबी जाळू लागते आणि त्या स्थितीचा मेंदूवर परिणाम होतो. १९२१ साली मेयो क्लिनिकच्या वाइल्डर याने उपास न करता तीच स्थिती आणणारा, भरपूर स्निग्ध पदार्थांचा आणि अगदी थोड्या पिष्टाचा आहार सुचवला. तो आजही हट्टी अपस्माराच्या मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली देतात. साबुदाण्याच्या खिचडीवर केलेल्या एकादशीचा मात्र यात काही उपयोग नाही, साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट.

याच रांगेत मानेतल्या नसेची गोष्ट बसते, आणि ती सर्वांत लांबलेली आहे.

जेम्स लिओनार्ड कॉर्निंग हा न्यूयॉर्कचा मज्जाविकारतज्ज्ञ. १८८० च्या दशकात त्याने असा सिद्धान्त धरला की मेंदूत रक्त फार चढल्याने झटका येतो. तेव्हा रक्त अडवावे. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रोहिण्या बाहेरून दाबून धरणारा एक चिमटा त्याने बनवला. पुढे त्याला वाटले की नुसते दाबणे पुरे नाही, हृदयही हळू चालले पाहिजे. हृदयाचा वेग कमी करणारी नस मानेत त्या रोहिणीला लागूनच जाते. म्हणून त्याने चिमट्याला विजेची जोड दिली आणि कातडीवरून त्या नसेला विजेचे झटके देऊ लागला. गुण येतो असे त्याचे म्हणणे. इतरांना तो अनुभव आला नाही. रोग्यांना घेरी येई, डोळ्यांपुढे अंधेरी येई. थोड्याच वर्षांत यंत्र अडगळीत गेले आणि कॉर्निंगचे नाव राहिले ते निराळ्याच कामासाठी, पाठीच्या कण्यात कोकेन टोचून शरीराचा खालचा भाग बधिर करण्याच्या १८८५ मधल्या प्रयोगासाठी. रक्त चढण्याचा त्याचा सिद्धान्त चूक होता. पण ज्या नसेवर त्याने बोट ठेवले, ती बरोबर होती.

ही नस कोणती? मेंदूतून निघणाऱ्या बारा जोड्यांपैकी ती दहावी. इंग्रजी वैद्यकात तिला व्हेगस म्हणतात आणि लॅटिनमध्ये त्या शब्दाचा अर्थ भटकणारी असा आहे. कवटीच्या तळातून निघून ती मानेतून उतरते, घसा, स्वरयंत्र, हृदय, फुप्फुसे, जठर, आतडी, सगळीकडे फिरून येते. मराठी परिभाषेत तिचे नाव प्राणेशा. आपल्या परिभाषाकारांनी केलेल्या शब्दांची थट्टा करण्याची पद्धत आहे, परंतु हा शब्द मला मूळ लॅटिनपेक्षा सरस वाटतो. बोलण्यात आपण 'नस' म्हणू. हिंदीत आणि आपल्याही बोलण्यात नस म्हटले की रक्ताची शीर डोळ्यांपुढे येते. इथे मात्र संदेश वाहणारी तार समजायची.

पूर्वी डॉक्टरांची समजूत अशी होती की ही नस म्हणजे मेंदूकडून खाली हुकूम नेणारा जासूद. प्रत्यक्षात तिच्यातल्या सुमारे ऐंशी टक्के तंतूंतून निरोप उलटे, खालून वर जातात. १९३८ साली बेली आणि ब्रेमर या दोघांनी मांजराच्या मानेतली ही नस विजेने चाळवून पाहिली, तेव्हा मेंदूच्या पुढच्या भागातल्या विद्युत्‌लहरी बदललेल्या दिसल्या. म्हणजे मेंदूला हात न लावता मेंदूपर्यंत पोचण्याची वाट होती. तिचा उपयोग काय, हे विचारायला आणखी पंचेचाळीस वर्षे गेली. फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठातल्या जेकब झबारा याने १९८० च्या दशकात कुत्र्यांवर प्रयोग केले. विषाने कुत्र्याला झटके आणायचे आणि नसेला वीज देऊन ते थांबतात का पाहायचे. ते थांबले. १९८७ मध्ये यासाठी एक कंपनी निघाली आणि १९८८ च्या नोव्हेंबरात अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात पहिल्या माणसाच्या छातीत हे यंत्र बसले. युरोपात १९९४ मध्ये आणि अमेरिकेत १९९७ च्या जुलैत त्याला परवानगी मिळाली. तिथे ती आरंभी बारा वर्षांवरच्यांसाठी होती, २०१७ पासून चार वर्षांच्या मुलांपर्यंत उतरली.

झटका येतो म्हणजे काय होते ते इंदूरकरांना सराफ्याच्या उदाहरणाने समजेल. रात्री सराफ्यात हजार माणसे असतात, पण प्रत्येक जण आपापल्या बोलण्यात. एक भुट्ट्याचा कीस मागतो, एक हिशेब करतो, एक नुसता उभा असतो. मेंदूतल्या पेशींचे एरवी असेच चालते. एकाएकी सगळे एका तालात टाळ्या पिटू लागले तर बाजार बंद पडेल. तो झटका. नसेतून थोड्या थोड्या वेळाने जाणारी वीज ही एकतानता जमू देत नाही, असे झबाराने मानले. पुढच्या संशोधकांना दिसले की निरोप आधी मेंदूच्या देठातल्या एका केंद्रात जातो, तिथून दुसऱ्या एका बारीक केंद्रात, आणि ते केंद्र साऱ्या मेंदूभर नॉरॲड्रेनॅलिन सोडते. उंदरांतले हे केंद्र निकामी केले तर विजेचा गुणही जातो. तरी संपूर्ण उलगडा अद्याप झालेला नाही. कॉर्निंगला कारण माहीत होते आणि इलाज जमला नाही. आज इलाज जमतो आणि कारण अर्धेच माहीत आहे.

यंत्र म्हणाल तर खिशातल्या घड्याळाएवढी धातूची चकती. डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली कातडीच्या आत ती बसवतात. तिथून एक तार कातडीखालूनच मानेत नेऊन डाव्या नसेभोवती गुंडाळतात. डावीच का, तर हृदयाचा ठोका जिथून सुरू होतो त्या जागेशी उजव्या नसेचा संबंध अधिक आहे. कवटी उघडावी लागत नाही, ही गोष्ट घरच्यांना पहिल्यांदा सांगावी लागते, कारण 'मेंदूचे ऑपरेशन' या शब्दांनीच निम्मी माणसे परत फिरतात. सामान्यतः तीस सेकंद वीज, पाच मिनिटे विश्रांती, असा त्याचा दिवसरात्र क्रम चालतो. डॉक्टर बाहेरून यंत्र धरून विजेचे माप कमीजास्त करतात. रोग्याजवळ एक लोहचुंबक असतो. झटक्याची चाहूल लागली की तो छातीवरून फिरवायचा, म्हणजे वीज तेव्हाच्या तेव्हा मिळते; रोग्याला भान नसेल तर शेजारच्याने फिरवायचा. अलीकडची यंत्रे हृदयाचा वेग एकदम वाढला की झटका ओळखून आपणहून वीज सोडतात. वीज चालू असताना आवाज घोगरा होतो, खोकल्याची उबळ येते, घशात काही अडकल्यासारखे वाटते. ते बहुधा पुढे कमी होते. गाणाऱ्याने आणि वर्गात शिकवणाऱ्याने हे आधी विचारात घ्यावे. काही वर्षांनी बॅटरी संपते आणि चकती बदलावी लागते. पुढे एम. आर. आय. काढायचा झाल्यास यंत्र आहे हे आधी सांगणे अत्यावश्यक आहे.

गुण किती येतो? इथे जाहिरात आणि इतिहास यांची फारकत होते. परवानगीपूर्वीच्या दोन मोठ्या चाचण्यांत पहिल्या तीन महिन्यांत झटके सरासरीने पाव हिश्शाच्या आसपास कमी झाले. मुद्दाम अगदी कमी वीज दिलेल्या गटातही सहा ते पंधरा टक्के घट दिसलीच होती. पुढे एक-दोन वर्षांत गुण वाढत जातो आणि सुमारे निम्म्या रोग्यांचे झटके निम्म्यावर येतात. पूर्ण बंद होणारे थोडेच. गोळ्या चालू ठेवाव्याच लागतात. महिन्याला वीस झटके येणाऱ्या मुलीला दहा येऊ लागले, तेही पूर्वीहून आखूड, पडून डोके न फुटता, तर त्या घराला त्याची किंमत कळते. पण काही लाखांचे यंत्र बसवून 'बरी' झालेली मुलगी ज्यांना हवी असते, त्यांची निराशा होते. हे आधी कोणी स्पष्ट बोलले नाही तर दोष यंत्राचा नव्हे.

आणि हे यंत्र सर्वांसाठी नाहीच. २००० साली क्वान आणि ब्रॉडी या ग्लासगोच्या डॉक्टरांनी ५२५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्याच औषधाने ४७ टक्के झटकामुक्त झाले, दुसऱ्या औषधाने आणखी १३ टक्के, आणि त्यापुढे एकट्या तिसऱ्या औषधाने अवघा एक टक्का. यावरून २०१० मध्ये व्याख्या ठरली की योग्य निवडलेली दोन औषधे, पुरेशा मात्रेत, नीट घेऊनही झटके थांबत नसतील तर त्या अपस्मारास औषधांना न जुमानणारा म्हणावे. असे सुमारे एक तृतीयांश रोगी असतात. त्यांच्यातही आधी पाहायचे ते हे की मेंदूतला झटक्याचा उगम सापडतो का आणि तो काढून टाकता येतो का, कारण जमल्यास ती शस्त्रक्रिया मुळावरच घाव घालते. हिंदुस्थानात तिची सुरुवात वेल्लोरला १९४९ मध्ये मज्जाशल्याचा विभाग उभारणाऱ्या जेकब चांडी यांच्यापासून झाली. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून त्यासाठी स्वतंत्र विभाग चालतो. ज्यांचा उगम सापडत नाही, किंवा एकाहून अधिक जागी असतो, किंवा काढला तर वाचा जाईल अशा जागी असतो, त्यांच्या वाट्याला मानेतली नस येते. इंदूरहून अवंतिका एक्स्प्रेसने मुंबई गाठणाऱ्या कित्येकांना तिथे हा क्रम प्रथमच समजावून सांगितला जातो.

व्याख्येतल्या 'योग्य निवडलेली' आणि 'नीट घेऊनही' या दोन शब्दसमूहांत मात्र आपल्या देशाचा निम्मा इतिहास आहे. पहिल्याचे उदाहरण वेल्लोरचेच. १९८० च्या दशकात स्कॅन यंत्रे आली आणि झटका आलेल्या असंख्य तरुणांच्या मेंदूत एक बारीक गाठ दिसू लागली. ही क्षयाची गाठ, असे सर्वत्र धरले गेले आणि वर्ष-वर्ष क्षयाची औषधे चालली. गाठ नाहीशी होई, त्यामुळे निदान खरे वाटे. वेल्लोरच्या मॅथ्यू चांडी आणि वेदांतम राजशेखर यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, तो त्यांतल्या बहुतेक फीतकृमीच्या अळीच्या निघाल्या. त्या पुष्कळदा आपोआपच विरतात. हा कृमी डुकराच्या मांसातला, म्हणून आमच्याकडे कसा येईल, असे विचारणारी शाकाहारी घरे पुष्कळ आहेत. अंडी येतात ती माणसाच्या विष्ठेतून, दूषित पाण्यातून, न धुतलेल्या भाजीतून. कोथिंबीर शाकाहारी असली तरी ती कोणत्या पाण्यावर वाढली हे तिच्या अंगावर लिहिलेले नसते.

दुसरे उदाहरण कायद्याचे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात फेफऱ्याचा उल्लेख नव्हता. तो १९७६ च्या दुरुस्तीने घातला गेला. वेडाच्या किंवा अपस्माराच्या झटक्यांनी वारंवार ग्रासलेली व्यक्ती विवाहाला अपात्र ठरली. ब्रोमाइड येऊन शंभरावर वर्षे लोटल्यावर, गोळी पैशांत मिळत असताना, हे झाले. भारतीय अपस्मार संघटनेने आणि मज्जाविकारतज्ज्ञांनी पाठपुरावा केला आणि १९९९ च्या अखेरीस ते दोन शब्द कायद्यातून गळाले. मधल्या तेवीस वर्षांत घराघरांतून एक रीत पक्की झाली : मुलीला फिट येतात हे बोलायचे नाही. कायदा बदलला, रीत राहिली. पुण्यात यशोदा वाकणकर यांनी 'संवेदना' हा गट काढला, इंदुरात डॉ. अपूर्व पौराणिक यांच्यासारख्या मज्जाविकारतज्ज्ञांनी सामान्यांसाठी सोप्या हिंदीत लिहिले, तेही मुख्यत्वे हे मौन मोडण्यासाठीच.

या मौनाचा वैद्यकाशी संबंध असा आहे. मुलगी सासरी जाते. गोळ्या माहेरच्या पिशवीत, कपाटाच्या तळाशी. घरात पाहुणे असले की रात्रीची गोळी चुकते. सत्यनारायणाच्या दिवशी, प्रवासात, बाळंतपणात चुकते. महिन्याभरात झटका येतो. मग गुपित फुटते आणि डॉक्टरकडे नेतात, तेव्हा कागदावर नोंद होते की एक औषध चालू असूनही झटके येतात. दुसरे औषध मिळते, तेही तसेच लपून, तसेच चुकत. दोन औषधे हरली. व्याख्येप्रमाणे ती आता न जुमानणारी रोगी झाली आणि कोणी तरी यंत्राचे नाव काढते.

म्हणून जाणते डॉक्टर यंत्राची गोष्ट काढण्यापूर्वी गोळ्यांची रिकामी पाकिटे मागवतात, रक्तातले औषधाचे प्रमाण तपासतात, आणि झटका डोळ्यांनी पाहिलेल्या माणसाला बोलावतात. सासूबाई सोबत असल्या तर त्यांना चिठ्ठी देऊन औषधांच्या खिडकीवर पाठवतात. रांग लांब असते, वीस मिनिटे सहज जातात. तेवढ्यात दार लोटून घेऊन विचारतात, बेटा, सच बताओ, गोली कितनी बार छूटी?